जेवणानंतरचा दुसरा घाम

पुण्यांतील एका सुखवस्तु घरांत सकाळीं अकराच्या सुमारास घडलेली ही गोष्ट आहे. घरांतील वडील गृहस्थांचें जठर कर्करोगामुळें दोन-तृतीयांश काढून टाकलें होतें. शस्त्रक्रिया उत्तम झाली, जखम भरून आली, घरीं येऊन दोन महिने लोटले. त्या दिवशीं नऊ वाजतां त्यांनीं वाटीभर शिरा व त्यावर पेलाभर मोसंब्याचा रस घेतला होता. अकरा वाजतां वर्तमानपत्र वाचतां वाचतां अक्षरें अंधुक दिसूं लागलीं, हात कांपूं लागले, अंगाला दरदरून घाम सुटला, आणि पत्नीनें "अहो, काय होतंय?" म्हणून विचारलें तेव्हां त्यांनीं कांहीं तरी असंबद्ध उत्तर दिलें. घरांत एकच धांवपळ उडाली. शेजाऱ्यांनीं हृदयविकाराचा तर्क केला. सूनबाईनें साखरपाणी पाजलें. आणि दहा-पंधरा मिनिटांत गृहस्थ पूर्ववत् हुषार झाले. सर्वांचा जीव भांड्यांत पडला. "अशक्तपणा आहे, पोटांत कांहीं तरी जायला हवें," असा निर्णय होऊन दुपारीं तीन वाजतां त्यांना साबुदाण्याची खीर देण्यांत आली. पांच वाजतां तोच प्रकार पुनः घडला.

या घरांत कोणीहि हयगय केली नव्हती. उलट शिरा, रस आणि खीर यांच्या रूपानें घरच्यांची मायाच त्यांच्या पानांत पडत होती. आजारी माणसाला हलकें, मऊ व गोड द्यावें हा महाराष्ट्रीय स्वयंपाकघरांतील पिढीजात संकेत आहे, आणि तापांतून उठलेल्या माणसाला तो पुष्कळ अंशीं लागूहि पडतो. परंतु ज्याच्या जठरावर शस्त्र चाललें आहे त्याच्या बाबतींत तोच संकेत घात करतो. अकरा वाजतां ज्या साखरेनें गृहस्थ सावरले, त्याच साखरेनें, ती नऊ वाजतां पोटांत गेल्यामुळें, त्यांना आडवें केलें होतें. गोड हें या दुखण्यावरचें घटकाभराचें औषध आहे आणि गोड हेंच त्याचें मूळ आहे. हें कोडें उलगडल्याखेरीज अशा रोग्याची शुश्रूषा नीट होणें नाहीं. "अशक्तपणा" हा शब्द तेथें कामाचा नाहीं. दुखण्याला नांव ठेवलें म्हणजे तें कळलें असें होत नाहीं.

प्रथम रक्तांतील साखरेचा हिशेब पाहूं. ही साखर म्हणजे ग्लुकोज. धडधाकट माणसाच्या सगळ्या रक्तांत मिळून ती उपाशीपोटीं अवघी चार-पांच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, असते. एकट्या मेंदूला दिवसाकाठीं सुमारें १२० ग्रॅम ग्लुकोज लागतें. अर्थात् हा चमचा सारखा रिता होत असतो व सारखा भरला जात असतो. भरण्याचें काम जेवण आणि यकृतांतील सांठा मिळून करतात. रक्तांतली साखर पेशींच्या हवालीं करून ती खालीं आणण्याचें काम स्वादुपिंडांतून स्रवणारें इन्सुलिन करतें. शंभर मिलिलिटर रक्तांत ७० मिलिग्रॅमच्या खालीं साखर उतरली म्हणजे सावध व्हावें, आणि ५४ च्या खालीं गेली म्हणजे धोका उंबऱ्याशीं आला असें समजावें. आरंभीं शरीर आपण होऊन ओरड करतें: घाम येतो, कांप सुटतो, छाती धडधडते, अनावर भूक लागते. ती ओरड कोणीं ऐकली नाहीं तर मेंदूची उपासमार दिसूं लागते. दृष्टि अंधुक होते, बोलणें तुटक होतें, शांत माणूस विनाकारण चिडतो, आणि अखेर शुद्ध हरपते. ज्यांना असे झटके वारंवार येतात त्यांच्यांत ही पहिली ओरड हळूहळू मंदावते. घाम न येतांच एकदम भ्रम होतो. असा माणूस गॅसच्या शेगडीपाशीं उभा असेल किंवा स्कूटर चालवीत असेल तर काय होईल तें सांगावयास नको.

आतां जठराकडे वळूं. जठर म्हणजे केवळ अन्न सांठविण्याची पिशवी अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तें कोठार आहे, जातें आहे आणि वेशीवरची चौकीहि आहे. जठराच्या खालच्या टोकाला स्नायूंचें एक वळें असतें. पाश्चात्त्य वैद्यकांत त्याला जें ग्रीक नांव आहे त्याचा अर्थच मुळीं "द्वारपाल" असा आहे. घट्ट जेवण जठरांत घुसळलें जाऊन त्याचा पातळ रस होतो, आणि हा द्वारपाल त्यांतील थोडा थोडा रस लहान आतड्यांत सोडतो. भरपेट जेवण पुरतें उतरावयास तीन-चार तास लागतात. शाळा सुटतांना शिपाई एकेक वर्ग रांगेनें फाटकाबाहेर काढतो तसा हा प्रकार आहे. तो शिपाई नसला किंवा फाटकच उखडून पडलें म्हणजे घंटा होतांच पांचशें मुलें एकदम रस्त्यावर येतात, आणि पुढें रस्त्यावर जें काय व्हावयाचें तें होतें.

जठराचा खालचा भाग कापला म्हणजे द्वारपाल जातो. जठराला वळसा घालून अन्नाची वाट थेट आतड्याला जोडली म्हणजे तो जागेवर राहूनहि निरुपयोगी होतो. आणि जठराची नुसती अरुंद नळी ठेवली तर द्वारपाल शाबूत असला तरी आंतली जागा व दाब बदलल्यामुळें अन्न पूर्वीपेक्षां लौकर उतरतें. परिणाम थोड्याबहुत फरकानें एकच. शिरा रांगेनें जाण्याऐवजीं थोड्याच मिनिटांत आतड्यावर कोसळतो. त्यांतील साखर रक्तांत झपाट्यानें चढते. त्याच वेळीं आतड्याच्या भिंतींतून कांहीं संप्रेरकें मोठ्या प्रमाणांत स्रवतात. त्यांतील मुख्य जें जीएलपी-१, तें स्वादुपिंडाला "साखर आली, इन्सुलिन सोडा" असा हुकूम देतें. (याच संप्रेरकाची नक्कल करणारीं औषधें हल्लीं मधुमेहावर व लठ्ठपणावर दिलीं जातात.) स्वादुपिंड त्या लोंढ्याच्या मानानें इन्सुलिन सोडतें. परंतु लोंढा जसा आला तसा ओसरतो; तासाभरांत आतडें रिकामें होतें आणि इन्सुलिन मात्र मागें उरतें. तें आपलें काम करीतच राहतें. मग जेवणानंतर एक ते तीन तासांत साखर पायरीखालीं घसरते. नऊचा शिरा अकराला बाधतो तो असा.

येथें एक घोटाळा होण्याचा फार संभव आहे व तो टाळणें अत्यंत आवश्यक आहे. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्याला जेवणानंतर घाम येण्याच्या दोन निरनिराळ्या वेळा आहेत. पहिला घाम जेवतांना किंवा जेवण होऊन अर्ध्या तासाच्या आंत येतो. त्याच्याबरोबर पोटाला तडस लागते, गुडगुड होते, कळ येते, एखाद्या वेळीं जुलाबहि होतो, छाती धडधडते आणि आडवें व्हावेंसें वाटतें. दाट गोड पदार्थ एकदम आतड्यांत पडल्यामुळें रक्तांतलें पाणी आतड्याकडे ओढलें जातें, त्याचा हा परिणाम. या घटकेला रक्तांतील साखर कमी नसते. ती चढणीला लागलेली असते. अशा वेळीं धांवत जाऊन साखरपाणी पाजणें म्हणजे लोंढ्यांत आणखी एक घागर ओतणें होय. रोग्याला पंधरा-वीस मिनिटें स्वस्थ निजूं द्यावें, एवढेंच पुरतें. दुसरा घाम येतो तो एक ते तीन तासांनीं. त्यांत पोटाची तक्रार फारशी नसते. हात कांपतात, भूक लागते, बुद्धि चळते. हा घाम साखर उतरल्याचा. म्हणून रोग्याला घाम सुटलेला दिसतांच घरच्यांनीं पहिली नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे टाकावी व शेवटचा घांस किती वाजतां गेला तें आठवावें. रक्तांतील साखर मोजण्याचें छोटें यंत्र आतां पुष्कळ घरांत असतें. तें असेल तर तर्काचें कारणच उरत नाहीं. मात्र यंत्र हाताशीं नाहीं आणि माणूस बरळूं लागला आहे, अशा प्रसंगीं घड्याळाचा वाद घालीत बसूं नये. गिळतां येत असेल तर ग्लुकोज द्यावें.

हा विकार आजकालचा नाहीं. २९ जानेवारी १८८१ रोजीं व्हिएन्ना येथें थिओडोर बिलरोथ या शस्त्रवैद्यानें एका ४३ वर्षांच्या स्त्रीच्या जठराचें कर्करोगानें ग्रासलेलें खालचें टोंक काढून उरलेला भाग आतड्याला यशस्वी रीतीनें जोडला. म्हणजे त्यानें काढला तो नेमका द्वारपालच. ती बाई शस्त्रक्रियेंतून बरी झाली, परंतु रोग अंगांत पसरला होता व सुमारें चार महिन्यांनीं ती वारली. पुढें पोटांतील व्रणांवर अशा शस्त्रक्रिया सर्रास होऊं लागल्या आणि वांचलेलीं माणसें जेवणानंतरच्या चमत्कारिक तक्रारी घेऊन परत येऊं लागलीं. लंडनच्या आर्थर हर्ट्झ यांनीं १९१३ सालीं या तक्रारी व जठर लौकर रिकामें होणें यांचा संबंध जोडून दाखविला. १९२२ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स मिक्स यांनीं, गाडींतला माल एकदम ओतून द्यावा तसें जठर ओततें, या अर्थाचें नांव या प्रकाराला दिलें व तें रूढ झालें. इन्सुलिनचा शोध त्याच सुमाराचा, १९२१ सालचा. तो लागल्यावर थोड्याच दिवसांत, १९२४ सालीं, अमेरिकेंतील सील हॅरिस या डॉक्टरांनीं असें प्रतिपादन केलें कीं, इन्सुलिन टोंचून न घेतांहि कांहीं माणसांच्या अंगांत तें जास्त होऊन साखर उतरूं शकते.

या इतिहासांतली घरोघरीं उपयोगी पडणारी गोष्ट मात्र न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांची. स्वादुपिंडांत इन्सुलिन स्रवणारी गांठ असलेल्या रोग्यांपैकीं कोणावर शस्त्र चालवावें हें ठरविण्यासाठीं त्यांनीं १९३८ सालीं तीन कसोट्या घालून दिल्या: साखर उतरल्याचीं लक्षणें असलीं पाहिजेत, त्याच वेळीं मोजलेली साखर खरोखर कमी भरली पाहिजे, आणि साखर दिल्यावर लक्षणें गेलीं पाहिजेत. तिन्ही जुळल्यावांचून निदान करूं नये. नुसता घाम आला म्हणून साखर उतरली असें म्हणणें हें पहिल्या ओळीवरून निबंधाला गुण देण्यासारखें आहे. विशेषतः उतारवयाच्या माणसांत घाम व धडधड हीं हृदयविकाराचींहि लक्षणें असतात. साखर नीट भरत असेल, किंवा ग्लुकोज देऊनहि पंधरा मिनिटांत उतार पडत नसेल, तर घरीं बसूं नये. आणि झटका जेवणानंतर न येतां पहाटे, उपाशीपोटीं येत असेल तर त्याचें कारण हें नव्हे. तो मुद्दाम डॉक्टरांच्या कानावर घालावा. मधुमेहासाठीं इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांचीहि गोष्ट वेगळी. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर आहार घटतो आणि जुनें प्रमाण भारी पडतें. तें डॉक्टरांकडून लगेच ठरवून घ्यावयास हवें.

झटका आला असतां काय करावें याविषयीं पुष्कळ घरांत उदारपणा फार दिसतो. कोणी पेढ्यांचा पुडा पुढें करतो, कोणी चार चमचे मध चाटवितो, कोणी उसाचा रस आणावयास धांवतो. भीतीच्या भरांत माणूस तें सर्व खातो, आणि दोन तासांनीं पुनः तेथेंच येतो. द्यावयाचें तें मोजून द्यावें. ग्लुकोजची पूड १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन लहान चमचे, थोड्याशा पाण्यांत कालवून द्यावी व घड्याळ लावून पंधरा मिनिटें थांबावें. साखर ७० च्या वर आली नाहीं तर तेंच प्रमाण पुनः एकदां द्यावें. हीं पंधरा मिनिटें फार लांब वाटतात, घरच्यांना तर रोग्यापेक्षांहि अधिक. पण हात आवरणें हाच त्या वेळचा खरा उपचार असतो. माणूस सावरला म्हणजे लगेच अर्धी वाटी दहीं, किंवा पनीरचे दोन तुकडे, किंवा शेंगदाण्यांबरोबर अर्धा फुलका असें कांहीं तरी द्यावें. हें विसरतात तेथें साखर चढून पुनः कोसळते. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडांत कांहींएक घालूं नये, तें श्वासनलिकेंत जातें. माणसाला कुशीवर वळवावें आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

झटका थोपविणें हें झालें आग विझविणें. खरी काळजी ताटाची करावयाची. येथें स्वयंपाकघरांतील कांहीं समजुती उलट्या कराव्या लागतात, आणि घरांतील कर्त्या बाईला हें पटविणें कठीण जातें. पातळ तें हलकें ही पहिली समजूत. ज्याला द्वारपाल नाहीं त्याच्या पोटांत पातळ पदार्थ सर्वांत वेगानें धांवतो. तांदळाची पेज, साबुदाण्याची खीर, फळांचा रस, शहाळ्याचें पाणी, सरबत, साखरेचा चहा हीं सारीं एका माळेचीं मणि. उलट ज्वारीची भाकरी, जी आजाऱ्याला जड म्हणून वर्ज्य करतात, ती नीट चावून खाल्ली तर सावकाश उतरते. मोसंब्याचा रस काढण्याऐवजीं पेरूच्या किंवा सफरचंदाच्या चार फोडी द्याव्या. दुसरी समजूत जेवतांना पाणी पिण्याची. पाण्यानें घांस खालीं ढकलला जातो आणि तेंच नको आहे. पाणी जेवणापूर्वीं अर्धा तास व जेवणानंतर अर्धा तास सोडून प्यावें, पण दिवसभरांत तें कमी पडूं देऊं नये.

तिसरी गोष्ट क्रमाची. पानावर बसल्यावर पहिला वरणभात, हा सर्वत्रांचा परिपाठ. या माणसानें आधीं प्रथिनें खावीं: मुगाची उसळ, पिठलें, अंडें, मासा, दहीं, पनीर, घरांत जें चालत असेल तें, मग भाजी, आणि सर्वांशेवटीं पोळी किंवा भात. पिष्टमय पदार्थ एका वेळीं ३० ग्रॅमच्या आसपास ठेवावे असें जाणकार सांगतात. मध्यम आकाराच्या एका पोळींत तें १५ ते २० ग्रॅम असतें आणि वाटीभर भातांत ३० ते ४० ग्रॅम. अर्थात् एका बैठकीला एक पोळी किंवा अर्धीपाऊण वाटी भात, दोन्ही नव्हे. एवढ्यानें माणूस उपाशी राहील ही पत्नीची भीति खोटी नाहीं, विशेषतः कर्करोगानंतर ज्याचें वजन आधींच उतरलें आहे त्याच्या बाबतींत. म्हणूनच तीन जेवणांचीं सहा जेवणें करावयाचीं, अडीच-तीन तासांच्या अंतरानें, आणि प्रत्येकास वीस-पंचवीस मिनिटें द्यावयाचीं. वजन उतरतच असेल तर आहारतज्ज्ञाला गांठावें; नुसतें गोड वाढवून तें भरून येत नाहीं.

उपवासाचा विषय नाजूक आहे, पण टाळतां येत नाहीं. एकादशी अन् दुप्पट खाशी, असें आपल्याकडे थट्टेनें म्हणतात. दिवसभर पोट रिकामें ठेवावयाचें आणि मग साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा गोड कीस व वर वऱ्याचे तांदूळ, हा फराळ अशा माणसाला ताटापेक्षां अधिक बाधतो, कारण त्यांतलें जवळजवळ सर्व पिष्ट आणि साखर. व्रतच पाळावयाचें असेल तर दहीं, दाणे, पनीर यांवर थोड्या थोड्या वेळानें निभावतां येतें. आजाऱ्याला व्रताची सूट असते हेंहि धर्मशास्त्राला मान्य आहे. सणांचें तसेंच. पुरणपोळी किंवा मोदक जन्मभर वर्ज्य असें सांगून भागत नाहीं; सांगणारे निघून जातात आणि घरांत रडारड मागें राहते. कटाची आमटी, उसळ, भाजी पोटांत गेल्यावर शेवटीं दोन घांस पुरणपोळी खाल्ली तर पुष्कळांना ती चालते. रिकाम्या पोटीं, नैवेद्य म्हणून प्रथम खाल्लेला एक मोदक चालत नाहीं. ज्याला काय चालतें तें त्याचें त्यानें यंत्रावर पडताळून पाहावें. आग्रह करणाऱ्या यजमानीणबाईंना मात्र आधींच, पानें मांडण्यापूर्वींच, सांगून ठेवावें. मद्याचा मोह असणाऱ्यांस एवढें पुरे कीं, तें यकृताकडून मिळणाऱ्या साखरेची वाट अडवितें आणि उतरलेली साखर मग लौकर वर येत नाहीं.

पोटांतील व्रणासाठीं जठर कापण्याचे दिवस आतां जवळजवळ सरले. १९७० नंतरच्या दशकांत आम्ल कमी करणारीं प्रभावी औषधें निघालीं; १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांतील वॉरन व मार्शल यांनीं व्रणाच्या मुळाशीं असलेला जंतु हुडकून काढला व त्याबद्दल त्यांना २००५ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु हा विकार मात्र ओसरला नाहीं, कारण दुसऱ्या दारानें तो परत आला आहे. लठ्ठपणासाठीं जठर लहान करण्याची किंवा त्याला वळसा घालण्याची शस्त्रक्रिया, जिचा पाया अमेरिकेंतील आयोवा येथें एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं घातला, ती आज मुंबई-पुण्यास नित्याची झाली आहे. मधुमेही लठ्ठ माणसाला तिचा लाभहि मोठा होतो, हें कबूल केलेंच पाहिजे. तिच्यानंतर साखर उतरण्याचे झटके बहुधा लगेच येत नाहींत. वर्ष-दोन वर्षें उलटतात, वजन उतरलेलें असतें, दवाखान्याच्या खेपा थांबलेल्या असतात, आणि मग एके दिवशीं कचेरींत चहा-बिस्किटांनंतर दोन तासांनीं घेरी येते. शस्त्रक्रियेशीं तिचा संबंध कोणाच्या स्वप्नींहि येत नाहीं. २००५ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनीं अशा सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हांपासून वैद्यकाचें इकडे विशेष लक्ष गेलें. अशी शस्त्रक्रिया झालेली सून किंवा लेक गरोदर असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. गरोदरपणांतील मधुमेह तपासण्यासाठीं ७५ ग्रॅम ग्लुकोज एकदम पाजण्याची जी चांचणी आहे, ती हिला सोसणारी नव्हे. शस्त्रक्रियेची गोष्ट आधीं सांगितली म्हणजे डॉक्टर कांहीं दिवस घरीं साखर मोजून तेंच काम भागवितात.

आहार सांभाळूनहि झटके थांबले नाहींत तर औषधें आहेत. अकार्बोज नांवाची गोळी पहिल्या घांसाबरोबर घेतात. ती आतड्यांत पिष्टाची व साखरेची फोड लांबविते, त्यामुळें लोंढ्याचा ओघ होतो. पोटांत वारा धरतो ही तिची कटकट. पण तिच्यासंबंधीं एक गोष्ट पुष्कळांना सांगितलीच जात नाहीं, आणि ती न कळल्यामुळें जिवावर बेतूं शकतें. आपली घरगुती साखर म्हणजे निव्वळ ग्लुकोज नव्हे. ती दोन साखरांची जोडगोळी आहे व ती फुटल्यावांचून रक्तांत शिरत नाहीं. अकार्बोज नेमकें हेंच फुटणें रोखतें. म्हणून ही गोळी घेणाऱ्याला झटका आला असतां साखरपाणी, गूळ, पेढा यांनीं वेळेवर उतार पडत नाहीं. तेथें ग्लुकोजच पाहिजे. ऑक्ट्रिओटाइडचें इंजेक्शन व डायझॉक्साइड हीं त्यापुढचीं औषधें, आणि क्वचित् पुनः शस्त्रक्रिया. पण तो सर्वस्वीं तज्ज्ञांचा प्रांत आहे. जठर कापलेल्या माणसाला जीवनसत्त्व बी-१२ आणि लोह यांचीहि वाण पडते. त्यामुळें येणारा थकवा निराळा, त्याची तपासणी निराळी.

त्या पुण्याच्या घरीं पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. दुसऱ्या झटक्यानंतर सूनबाईनें एक वही घातली. डाव्या रकान्यांत काय खाल्लें व किती वाजतां, मध्यें यंत्रावरचा आंकडा, उजवीकडे काय झालें. आठ दिवसांची वही डॉक्टरांपुढें ठेवली तेव्हां त्यांना फारसे प्रश्न विचारावे लागले नाहींत. शिऱ्याच्या ओळीपुढें दोन तासांनीं ४८, आणि पिठलें-भाकरीच्या ओळीपुढें ८६. सासूबाईंना तें पाहून वाईट वाटलें. आपल्याच हातच्या शिऱ्यानें हें व्हावें हें त्यांना कित्येक दिवस खरें वाटेना, आणि त्या अधूनमधून वाटीच्या तळाशीं चमचाभर तरी वाढीत. तेंहि वहींत उतरत गेलें. हळूहळू वाटी बंद झाली. तीनच्या खिरीच्या जागीं मुगाचें धिरडें आलें, चहा बिनसाखरेचा झाला, आणि सकाळचें वर्तमानपत्र अखेरच्या पानापर्यंत वाचून होऊं लागलें. ग्लुकोजची पुडी व शस्त्रक्रियेचा उल्लेख असलेली चिठ्ठी गृहस्थांच्या सदऱ्याच्या खिशांत अजून असते. एका लग्नाहून परततांना ती पुडी बसमध्यें एकदां उपयोगी पडली. त्या दिवशीं त्यांनीं आग्रहाला भिडून जिलबी पहिल्याच घांसाला खाल्ली होती.